उद्यासाहेब

आमच्या कारखान्याच्या फाटकातून आत शिरलं की समोरच एक मोठा काळा फळा होता. काल किती गाड्या तयार होऊन बाहेर पडल्या, तो आकडा रोज सकाळी त्यावर खडूने लिहिलेला असायचा. वॉचमनपासून डायरेक्टरपर्यंत प्रत्येक जण आत येताना आधी त्या आकड्याकडे बघायचा आणि आज कुणाचा मूड कसा असणार याचा अंदाज बांधायचा. त्या फळ्याकडे मान वर न करता सरळ पुढे जाणारा मी एकच माणूस पाहिला. सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्या विभागांचं सांगून झालं की ते हातातली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवायचे आणि शांतपणे विचारायचे, "हे झालं कालचं. उद्याचं काय?" तोवर लोक वह्या मिटून उठायला लागलेले असायचे. त्यांचं नाव मात्र त्यावरूनच पडलं. उद्यासाहेब.

मी नवीन होते तेव्हा मला हे त्यांचं आडनावच वाटलं. गोवंडीहून दोन बस बदलून पहिल्या दिवशी मरोळला पोचले, फाटकावर विचारलं, तर वॉचमन म्हणाला, "मागच्या शेडमध्ये जा, उद्यासाहेबांकडे." मी आत जाऊन हात जोडून म्हटलं, "नमस्कार उद्यासर, मी वैशाली कांबळे, ट्रेनी." शेडमधला फिटर गावकर तोंडावर फडकं धरून बाहेरच पळाला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "माझं नाव परेरा. पण हे वाईट नाही. तेच चालू दे." त्यानंतर मी त्यांना कायम 'सर' म्हणाले, आणि मनात कायम उद्यासाहेब.

कंपनी मालवाहू तीनचाकी टेम्पो बनवायची. डिझेलचे. भाजीवाले, पाववाले, गॅसचे सिलिंडर पोचवणारे, सगळे आमचंच गिऱ्हाईक. पेंटशॉपच्या पाठीमागे, जिथे पूर्वी सायकली लावत, तिथे पत्र्याच्या शेडमध्ये साहेब चार इंजिनिअर आणि गावकरला घेऊन बॅटरीवर चालणारा टेम्पो बनवत होते. तेव्हा रस्त्यावर अशी गाडी कुणी पाहिलेली नव्हती. आवाज करत नाही म्हणून गावकरने तिचं नाव 'मुकी' ठेवलं. कारखान्यात कुणी विचारायचं झालं तर डोळा मिचकावून विचारायचे, "काय, मुकी चालली का आज?" कधी चालायची, कधी नाही.

एखादा भाग जळला, तुटला, तर साहेब तो टाकू द्यायचे नाहीत. त्याला दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधायची, त्यावर काय झालं ते लिहायचं आणि फळीवर ठेवायचा. मी आले तेव्हा अशा तीन फळ्या भरलेल्या होत्या. मी एकदा कंटाळून म्हटलं, "सर, हे भंगार आहे ना सगळं?" ते म्हणाले, "फेकून दिलं की तीच चूक आपण पुन्हा करतो. आणि दुसऱ्या वेळी ती महाग पडते." मग त्यांनी मला एक जळलेला कंट्रोलर हातात दिला आणि का जळला असेल ते संध्याकाळपर्यंत शोधायला सांगितलं. मी चुकीचं उत्तर दिलं. त्यांनी तेही चिठ्ठीवर लिहून ठेवलं, माझ्या नावासकट.

गाडीची चाचणी घ्यायची म्हणजे मागे वाळूची पोती टाकायची, असा सगळीकडचा रिवाज. साहेबांना तो मान्य नव्हता. "वाळू तक्रार करत नाही," म्हणायचे. ते मुकीला घेऊन मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जायचे आणि तिथल्या बायकांची बोंबलाची, सुकटीची पोती भरून महाकालीच्या रस्त्याचा चढ चढवायचे. पोती घरपोच मिळतात म्हणून बायका खूश, पण तोंडाने अगदी मोकळ्या. एक म्हातारी म्हणाली, "तुमच्या गाडीला मागचा दरवाजा ज्याने लावला, त्याने कधी पोतं उचललंय का?" साहेबांनी तिथेच पेन्सिलने नोंद केली आणि आठवड्यात त्या दरवाजाचं फळकं चार बोटं खाली आणलं. परत येताना मी विचारलं, "सर, या बायका कुठे टेम्पो विकत घेणार आहेत?" ते म्हणाले, "ही गाडी घेणारी पोरं अजून शाळेत आहेत. तोवर त्यांच्या आयांना विचारून ठेवतो." आमच्या शेडला महिनाभर मासळीचा वास होता. कँटीनमध्ये आमच्या टेबलावर कुणी बसेना.

खरं तर साहेबांच्या शेजारी तसंही कुणी बसत नसे. माणूस भांडखोर नव्हता, पण त्यांच्याजवळ बसलं की आपण आज जे करतोय ते कमी पडतंय असं वाटायचं. आणि असं वाटून घ्यायला दुपारच्या सुट्टीत कुणाला आवडेल? ते शेडमध्येच डबा खायचे. पाव आणि मासळीची आमटी. मी आणि गावकर कधीकधी बसायचो त्यांच्याबरोबर. ते राहायचे गोराईला. बोट, रिक्षा, गाडी, पुन्हा रिक्षा असा दोन तासांचा प्रवास रोज, आणि संध्याकाळी साडेपाचच्या ठोक्याला उठायचे, नाहीतर बोटीची गर्दी गाठायची. कंपनी क्वार्टर देत होती. ते म्हणाले, "बायकोला खाडीच्या या बाजूला झोप लागत नाही."

त्या बायकोला, ॲग्नेसबाईंना, मी एकदाच पाहिलं. दिवाळीच्या आधी त्या कारखान्यात आल्या होत्या, केकचा डबा घेऊन. मुकीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "अच्छा, म्हणजे ही ती." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्यांचा मुलगा कॅनडात होता, त्याला मूल होणार होतं आणि दोघांनी तिकडे जाऊन राहायचं ठरत होतं. साहेब म्हणाले, आधी तू जा, रस्त्यावरच्या चाचण्या आटोपल्या की मी येतो. त्या गेल्या. चाचण्या नाताळपर्यंत संपायच्या होत्या. मग बॅटरीचा माल उशिरा आला आणि नाताळचा ईस्टर झाला. ईस्टरला मोटर बदलली. रोज दुपारी बारा वाजता, म्हणजे तिकडे झोपायच्या वेळेला, त्यांचा फोन यायचा आणि साहेब शेडबाहेर जाऊन उभे राहायचे. आत आम्हाला त्यांचं एकच वाक्य ऐकू यायचं. "झालं गं, थोडंच राहिलं."

दुसऱ्या हिवाळ्यात ॲग्नेसबाई तिकडेच वारल्या. संध्याकाळी जरा पडल्या, त्या झोपेतच. फोन बाराला आला नाही, साडेबाराला मुलाचा आला. साहेब बाहेरून आत आले, पेन्सिल खिशात ठेवली आणि मला म्हणाले, "वैशाली, पुढच्या सोमवारचं वेळापत्रक तसंच ठेव." ते कॅनडाला गेले आणि नवव्या दिवशी परत आले, कारण डायरेक्टरांना मुकी चालवून दाखवायची तारीख ठरलेली होती. कारखान्यात लोक म्हणाले, माणूस आहे का मशीन. गावकरने मात्र त्या दिवसापासून साहेबांसाठी घरून भाकरी आणायला सुरुवात केली. कोकणातली माणसं सांत्वन तोंडाने करत नाहीत.

मुकी त्या दिवशी झकास चालली. डायरेक्टरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. पण त्याच वर्षी डिझेलच्या टेम्पोला कधी नव्हे इतकी मागणी आली. फाटकावरच्या फळ्यावर रोज नवा आकडा. आणि त्याच वर्षी नवे मॅनेजिंग डायरेक्टर आले. त्यांना मी वाईट माणूस म्हणणार नाही. हुशार होते, कामगारांशी नीट बोलायचे. मालकांनी त्यांना चार तिमाह्यांत नफा वाढवून दाखवायला सांगितलं होतं आणि ते तेच करत होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. डिझेलची मागणी आहे तोवर दुसरी असेंब्ली लाइन टाकायची, सगळे हात आणि सगळा पैसा तिकडे लावायचा. मागची शेड म्हणजे खर्चच खर्च, एकही गाडी बाहेर नाही. साहेब त्यांना म्हणाले, "आज डिझेल विकलं जातंय म्हणूनच आज ही गाडी परवडते. विकलं जायचं थांबलं की परवडणार नाही." एमडी म्हणाले, "परेरा, उद्यापर्यंत पोचायला आज जगावं लागतं." दोघंही खरं बोलत होते, हीच अडचण होती.

कामगारही साहेबांच्या बाजूने नव्हते. नवी लाइन म्हणजे ओव्हरटाइम आणि दिवाळीला घसघशीत बोनस. गावकरनेच एकदा भाकरी वाढताना सांगून टाकलं, "साहेब, रागावू नका. माझ्या पोराची फी उद्या भरून चालत नाय." साहेबांनी मान हलवली. म्हणाले, "तुझं बरोबर आहे, गावकर." मी त्यांना इतकं थकलेलं आधी पाहिलं नव्हतं.

आता माझं सांगते. हे सांगायला मला बराच काळ लागला.

तोपर्यंत माझी बढती होऊन मी प्लॅनिंगमध्ये गेले होते. साहेबांनीच शिफारस केली होती. "ही आकड्यांना घाबरत नाही," असं त्यांनी लिहिलं होतं. एमडींनी मला बोलावून डिझेलची नवी लाइन आणि बॅटरीचा टेम्पो यांची तुलना करायला सांगितली. मी दोन आठवडे राबून आठ वर्षांचा तक्ता केला. पहिली तीन वर्षं डिझेल सरळ पुढे. चौथ्या वर्षी दोन्ही जवळ येत होते. पाचव्यापासून बॅटरी पुढे जात होती, आणि आठव्या वर्षी डिझेलच्या आकड्याकडे बघवत नव्हतं. एमडींनी तो तक्ता नीट वाचला. म्हणाले, "छान काम आहे. पण तीन वर्षांच्या पुढचं म्हणजे ज्योतिष. तीनच ठेवा." मी जागेवर आले, पाच रकाने निवडले आणि पुसले. एक बटण दाबायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

मीटिंगमध्ये तो तक्ता पडद्यावर आला. सगळ्यांनी माना डोलावल्या. साहेब बराच वेळ पडद्याकडे बघत होते. मग माझ्याकडे वळून, अगदी शेडमध्ये विचारायचे तसं त्यांनी विचारलं, "वैशाली, चौथं वर्ष?"

मी म्हटलं, "सर, तीनच सांगितली होती."

"हो का," ते म्हणाले. एवढंच. मला वाटतं त्यांनी एकदा तरी टेबलावर हात आपटला असता तर मी उठून बोलले असते. पण ते नुसते समोरचा कागद घडी घालत बसले आणि शेड बंद करायचा निर्णय वीस मिनिटांत झाला.

चारही इंजिनिअर वर्षाच्या आत पुण्याच्या एका कंपनीत गेले. फळ्यांवरचे चिठ्ठ्या बांधलेले भाग एका दुपारी पोत्यांत भरले गेले. मुकी आपल्याला विकत द्यावी म्हणून साहेबांनी अर्ज केला होता. डिझाइन बाहेर जाईल या कारणाने तो नाकारला गेला आणि गाडी कुर्ल्याच्या भंगारवाल्याला द्यायचं ठरलं. बॅटरी आधीच काढलेली होती, त्यामुळे ती ढकलत न्यावी लागली. मी प्लॅनिंगच्या खिडकीतून बघत होते. पुढे गावकर, मागे दोन हमाल, आणि उजव्या बाजूला, मोकळ्या स्टिअरिंगवर हात ठेवून, पांढऱ्या शर्टात साहेब. फाटकापर्यंत ते तिला नीट वळवत घेऊन गेले. ट्रकवर चढवायच्या आधी त्यांनी मागचं फळकं उघडं राहिलं होतं ते लावलं. मी खाली गेले नाही. त्या महिन्याच्या अखेरीला त्यांनी राजीनामा दिला आणि निरोपसमारंभ नको म्हणून कळवलं.

पुढचं मरोळला सगळ्यांना ठाऊक आहे. दोन दिवाळ्या बोनस जोरात झाला. चौथ्या वर्षी पुण्याच्या त्या कंपनीचे बॅटरीचे टेम्पो आमच्याच फाटकासमोरून आवाज न करता जायला लागले. त्यांचं मागचं फळकं खाली होतं. आमच्या कंपनीने घाईघाईने परदेशातून तयार मोटरी आणल्या, त्या पावसाळ्यात टिकल्या नाहीत. एमडी तोवर दुसऱ्या मोठ्या कंपनीत गेले होते, त्यांचं आमच्याकडचं काम यशस्वी धरलं गेलं. कारखाना बंद झाला, जागा विकली गेली. तिथे आता काचेची ऑफिसं आहेत. गावकरने हिशेबाच्या आलेल्या पैशातून एक टेम्पो घेतला, पुण्याचा, बॅटरीचा. मला घाटकोपरला नोकरी मिळाली. तोवर माझं लग्न होऊन मुलगी शाळेत जाऊ लागली होती.

साहेबांना भेटायला मी सहा वर्षांनी गेले. गोराईला बोटीतून उतरून विचारत विचारत घर गाठलं. बैठं घर, बाहेर लाकडी क्रॉस, पडवीत एक खुर्ची. ते वाळत घातलेली चिंच गोळा करत होते. मला बघून उभे राहिले आणि म्हणाले, "बारीक झालीस. ये." त्यांनी स्वतः स्वयंपाक केला, आतून दुसरी खुर्ची आणली. मी काय बनवते, नव्या कंपनीत काय चाललंय, सगळं बारकाईने विचारलं. जुन्या कारखान्याचं एक अक्षर काढलं नाही.

जेवण झाल्यावर मी सांगितलं. आठही वर्षं मी काढली होती, चौथं वर्ष माझ्याकडे होतं, मी माझ्या हाताने पुसलं.

ते ताटं उचलत होते. म्हणाले, "माहीत होतं मला. तू अर्धं काम करणारी नव्हतीस कधी."

"मग तुम्ही बोलला का नाहीत, सर?"

"तू घरातली पहिली होतीस नोकरीतली. तुझं नाव घेतलं असतं तर दुसऱ्या दिवशी तुझी वाट लागली असती. आणि शेड तरी कुठे वाचणार होती?" ते ताटं घेऊन आत गेले, बाहेर आले, खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तू पाच रकाने पुसलेस त्याचं एवढं काय धरून बसलीस. मी सव्वा वर्ष रोज बाराला एका बाईला थोडंच राहिलंय असं सांगत होतो. ती तिकडे पिशवी भरून बसली होती माझ्यासाठी. नातवाचे फोटो, माझ्या औषधाच्या गोळ्या, लोकरीची टोपी. मुलाने दाखवली मला. मी कंपनीला सांगत होतो, आजच्या नफ्यासाठी पुढचं मोडू नका. आणि घरी बरोबर उलटं करत होतो. पुढच्यासाठी आजचं मोडत होतो." खाडीकडून वारा येत होता. "दोन्ही चूकच, वैशाली. फक्त कंपनीची चूक सगळ्यांना दिसली."

ते जेट्टीपर्यंत सोडायला आले. मी म्हटलं, "सर, आता दर रविवारी येत जाईन." ते म्हणाले, "ये ना. रविवारी मला काही काम नसतं." बोट निघाली तरी ते काठावर उभे होते, हात न हलवता.

मी गेले नाही. मुद्दाम नाही. एका रविवारी ऑफिसचं काम निघालं, एकदा आईला ताप आला, मग मुलीची परीक्षा. मी संध्याकाळी फोन करायचे आणि म्हणायचे, "सर, आज नाही जमलं, पुढच्या रविवारी नक्की." ते म्हणायचे, "सावकाश ये." असे पाच महिने गेले.

मग एका सकाळी गावकरचा फोन आला. तो टेम्पो रस्त्याच्या कडेला लावून बोलत होता. "वैशाली, साहेब गेले गो. आठ दिवस झाले. माका पण आत्ता कळलां." मुलगा येऊन सगळं उरकून परतही गेला होता.

मी त्याच रविवारी गेले. घराला कुलूप होतं. शेजारच्या अंगणात एक म्हातारी बाई मासळी साफ करत होती. तिने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "तू काय गो ती कारखान्यातली पोरगी?"

मी हो म्हटलं.

"रविवारी दोघांचं जेवण बनवायचा तो," ती म्हणाली. "मी विचारायची, कोण येणार आहे रे? तर सांगायचा, पोरगी यायची आहे ऑफिसातली. दुपारचे दोन वाजले की एक ताट झाकून मला आणून द्यायचा. बोलायचा, तिला काम निघालं असेल, तुम्ही खा." तिने हात धुतले, पदराला पुसले. "आम्ही पाच महिने दर रविवारी चांगलं जेवलो, बाय. तुझ्या नावाचं."

मग ती आत गेली आणि मला जेवायला वाढलं. मी नको म्हटलं नाही. तिच्या ओटीवर बसून सगळं संपवलं.